दाराला न लागलेली शिडी

मित्रांनो, विमानाच्या दाराला लावतात ती चाकांची शिडी तुम्ही पाहिली असेल. तशीच मी एक, आता जुनी झालेली. मोठमोठ्या पाहुण्यांपासून दुडूदुडू चालणाऱ्या बाळांपर्यंत कितीतरी जणांचे पाय माझ्या पायऱ्यांना लागले आहेत. मला फुशारकी मारता आली असती. पण खरं सांगू? मला लाजच जास्त वाटते.

एका कारखान्यात लोखंडी नळ्या जोडून मला घडवलं. कठड्यांना पांढरा रंग दिला आणि बाजूला आमच्या विमान कंपनीचं नाव लाल अक्षरांत रंगवलं. त्या नावाचा मला कोण अभिमान! समुद्रापलीकडच्या देशात जाणारी आपल्या देशाची विमानं फक्त आमच्याच कंपनीची होती. दुसऱ्या देशात विमान न्यायचं तर दोन्ही सरकारांना आधी करार करावा लागतो. आमच्या करारात प्रत्येक देशाच्या एकाच कंपनीला परवानगी होती. त्यांची एक, आमची एक. दोघींनी साटंलोटं करून भाडं ठरवलं आणि फेऱ्या मोजक्याच ठेवल्या. मग काय, हम करेसो कायदा! विमान रखडलं तर कोणी माफी मागायची नाही. प्रवासी कुरकुरले की तिकीट खिडकीतल्या बाई म्हणायच्या, "मग पोहत जा." आम्ही सगळे खो खो हसायचो. मीही त्यात होते.

मला ढकलायचं काम दादांकडे होतं. विमानतळावर लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणत. माझ्या पायऱ्या ते स्वतःच्या हातानं पुसत आणि कोणी कठड्यावर पान्हा आपटला तर त्याची खरडपट्टी काढत. त्यांची मुलगी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली होती. तिला मुलगा झाला, तो बोलायला लागला, तरी तिला माहेरी येणं जमेना. भाडं जमलं तर जागा नसायची आणि जागा मिळाली तर भाडं वाढलेलं असायचं. नोकरांच्या घरच्यांना कंपनी तिकिटात सवलत द्यायची, पण त्यात लग्न झालेली मुलगी बसत नव्हती. दादा फोनवर म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू गं." फोन ठेवला की माझ्याच पायऱ्या पुन्हा पुसायला घ्यायचे.

मग एकदाचा करार बदलला. दोन्ही देशांच्या अनेक कंपन्यांना त्या मार्गावर विमानं न्यायची मुभा मिळाली. तुम्हाला वाटेल, दादा खूश झाले असतील. पण आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "आता आपल्या नोकऱ्या जाणार," आणि दादांची झोपच उडाली. त्यांना दुसरं कसलंच काम येत नव्हतं. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"येऊ द्या की त्यांची विमानं, साहेब. माणसं उतरणार कशावरून? शिडी आपली आहे!"

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. नव्या कंपनीची शिडी अजून बोटीतून यायची होती आणि तोवर मला भाड्यानं द्यायचं कबूल झालं होतं. साहेबांनी ऐन वेळी शब्द फिरवला. दादांनी माझ्या चाकांना साखळी घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुपारी निळ्या शेपटीचं नवं विमान उतरलं. दार उघडलं आणि खाली पाहिलं तर काहीच नाही. आत लहान मुलं रडायला लागली. ऊन रणरणत होतं. नव्या कंपनीची अधिकारी मुलगी धावत आली.

"दादा, आत म्हातारी माणसं आहेत हो. जीव घाबरा होतोय त्यांचा."

"मग मी काय करू? तुमची शिडी आणा."

"अहो, माणुसकी म्हणून तरी..."

"नियम म्हणजे नियम!"

मला मान खाली घालता आली असती तर घातली असती. ज्या दारासाठी मला घडवलं, ते समोर उघडं होतं आणि मी साखळीत होते.

तेवढ्यात त्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर मूल होतं. तिनं खाली पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "बाबा!"

न सांगता येऊन तिला बापाला चकित करायचं होतं.

दादांचा हात खिशात गेला आणि तिथेच थबकला. त्या अधिकारी मुलीकडे त्यांना बघवेना. मग त्यांनी कुलूप काढलं आणि एकट्यानं मला ढकलत दाराला लावलं. एक म्हातारे गृहस्थ कठडा धरत उतरले. दादांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून सुटलो. बाकी कोणाला आमची काही पडलेली नाही इथे." दादा मेल्याहून मेल्यासारखे झाले. अधिकारी मुलगी शेजारीच होती; तिनं फक्त त्या गृहस्थांची पिशवी उचलली आणि त्यांना पुढे नेलं.

म्हाताऱ्यांना आधी वाट देऊन शेवटी दादांची मुलगी उतरली. नातवाला त्यांच्या हातात देत म्हणाली, "एवढा वेळ का हो लागला, बाबा?"

दादा नातवाच्या केसांत तोंड लपवून म्हणाले, "शिडीचं चाक अडकलं होतं गं."

"म्हातारी झाली बिचारी," असं म्हणून तिनं माझा कठडा थोपटला.

आज इथे पाच-सहा कंपन्यांची विमानं येतात. दादांची नोकरी गेली नाही, उलट माणसं कमी पडतात. मुलगी आता दर वर्षी येते. पण दादा अजून अधूनमधून तेलाची कुप्पी घेऊन माझ्या चाकांपाशी बसतात आणि नको असताना तेल घालत राहतात. वर बघत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. मला त्यांच्यासारखीच लाज वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पुसा, तेल घाला. पण वाट तुमच्या हातात असेल तर आतून आपल्या माणसाची हाक येईपर्यंत थांबू नका. त्या दुपारी माझी चाकं अगदी ठीक होती.