भेगेला पाणी

काळ्या मातीबद्दल पंजाबरावांना कुणी काही सांगायला गेलं, तर ते आधी हसायचे आणि मग सांगणाऱ्यालाच तासभर सांगायचे. बार्शीटाकळीच्या बाजूला त्यांचं पिढ्यांपासूनचं शेत. शेताच्या कडेने कालवा गेलेला, तोही खोल खणून नेलेला. त्याच काठावरच्या बाभळीखाली त्यांनी पाहुण्यांना रोडग्यांचं जेवण द्यायचं ठरवलं. तिथे बसलं की सगळा हरभरा आणि सगळी तूर एका नजरेत भरते, हे त्यामागचं खरं कारण होतं.

पाहुणे म्हणजे होणारे व्याही, तिकडच्या बोलीत इवाई. लेक प्रतीक्षाला बघून अंजनगाव सुर्जीचे देवीदास, त्यांची बायको बेबीताई आणि मुलगा नितेश एकदा गेले होते. बाकी सगळं जमलं होतं, होकाराचं घोडं तेवढं अडलं होतं. ते या जेवणात पुढे सरकेल अशी पंजाबरावांना खात्री होती.

आणि जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी काठावर भेग दिसली. कालव्याला धरून सरळ गेलेली, हात आत जाईल एवढी रुंद.

योगायोगाने कालव्याच्या इंजिनीअर हर्षा मॅडम पाहणीला आल्या होत्या. त्या भेगेपाशी बसल्या आणि गंभीर झाल्या.

"काका, कालव्याचं पाणी आत्ताच उतरलंय. काठ आतून ओला आहे आणि समोरचा पाण्याचा आधार गेलाय. तुमच्या काळ्या मातीखाली पापुद्र्यांचा चिकण खडक आहे, पाणी लागलं की त्याचा साबण होतो. या भेगेत थेंबसुद्धा जाऊ देऊ नका."

मॅडमची जीप वळेपर्यंत पंजाबराव मान डोलवत राहिले. मग प्रतीक्षाला म्हणाले, "भेग पडली म्हणजे माती तहानली. पाजलं पाणी का मिटते. एवढं शिकून मॅडमले इतकं नाही समजत!"

"बाबा, मॅडमनं नाही म्हटलं न!"

"तू उद्याच्या वांग्याचं पाहाय. फाटकी जमीन पाहून इवाई काय म्हणन?"

त्यांनी मोटार सुरू केली आणि भेगेत पाइप सोडला. दुपार सरली तरी पाणी आत जातच राहिलं. कुठे जातंय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. माती लईच तहानली होती, एवढाच अर्थ त्यांनी काढला. संध्याकाळी भेग खरंच मिटली. पंजाबरावांनी तिच्यावरून दोन फेऱ्या मारल्या आणि छाती फुगवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी देवीदासांना मानाची जागा मिळाली. काठाला लागून बाज टाकली होती, तिच्यावर ते मांडी घालून बसले. बाकीचे मागे, ताडपत्रीवर. गोवऱ्यांच्या आरातून काढलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण.

आधी देवीदासांच्या ताटातलं वरण एका बाजूला गेलं. त्यांनी ताट फिरवून घेतलं. वरण पुन्हा त्याच बाजूला गेलं. मग बाभूळ वाकली, आणि बाजेखालची जमीन सावकाश, कुणालाही न विचारता, कालव्याकडे निघाली. देवीदास बाजेसकट, ताटासकट खाली खाली गेले आणि कालव्याच्या तळाशी गाळात टेकले. तुपाची वाटी त्यांनी हातात उंच धरली होती. त्यातलं तूप सांडलं नव्हतं.

बेबीताई किंचाळल्या. इवाई वाचले होते, पण सोयरीक गेली, असंच पंजाबरावांच्या मनाने घेतलं. कालव्याच्या नावाने बोटं मोडावीत म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर समोर प्रतीक्षा त्यांच्याकडे एकटक बघत उभी.

"मीच काल भेगीत पाणी सोडलं होतं," ते पडेल आवाजात म्हणाले.

खालून देवीदास ओरडले, "मंग बरोबरच केलं! कमी पडलं असंन. आमच्या इकडं असतं त मी दोन दिवस चालवलं असतं!"

पंजाबरावांचा जीव भांड्यात पडला. इतका समजूतदार इवाई सात तालुक्यांत शोधून सापडला नसता. तेवढ्यात फाटलेल्या काठामागे आणखी एक भेग उघडली.

"पंजाबराव, पाणी सोडा लवकर!" खालून हुकूम आला.

पंजाबरावांनी पाइप उचलला आणि मोटारीकडे पळत सुटले.

"बाबा, मॅडमनं सांगतलं होतं, पाणी नोको म्हणून!" प्रतीक्षा ओरडली.

नितेश तिच्याकडे वळला. "मंग काय करा म्हणे त्या?"

हे तिला घरात कुणीच विचारलं नव्हतं. तिने मात्र काल मॅडमना जीपपर्यंत जाऊन विचारून घेतलं होतं.

"सगळे मांगं सरा. लांबूनच कोरडी माती टाकून भेग भरा. वरून झाका."

नितेशने आईला मागे नेऊन बसवलं, नव्या शर्टाच्या बाह्या सारल्या आणि फावडं घेतलं. प्रतीक्षाने टोपलं घेतलं. ते पाहून पंजाबराव मोटारीपाशीच पाइप धरून थांबले.

"नितेश, बापाचं आयकतं का नाही?" खालून गर्जना झाली.

"आयकतो न, बाबा. आधी तुमी वर या, मंग आयकतो."

देवीदास पलीकडच्या पायऱ्यांनी चढून पुलावरून वळसा घालून आले, तेव्हा अर्धी भेग भरून ताडपत्रीखाली गेली होती. ते कमरेपर्यंत चिखलात माखले होते, पण मन प्रसन्न होतं. "पंजाबराव, आमची पसंती हाय. तुमच्यासारखा जाणकार माणूस आमाले पाहिजेच होता."

पंजाबरावांनी आनंदाने हात जोडले. "मंग सोयरीक पक्की! कुंकवाचा दिवस धरून टाकू!"

"मले कोणी इचारलंच नाही," प्रतीक्षा म्हणाली.

पंजाबरावांनी आठवून पाहिलं, तरी तिला विचारल्याचं आठवेना. पाहुणे ठरले, जेवण ठरलं, बाजेची जागाही ठरली. लेकीला विचारायचं मात्र खरंच राहून गेलं होतं. त्यांना लाज वाटली.

"इचारतो न, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "काय म्हणतं?"

प्रतीक्षाने घामाने निथळणाऱ्या नितेशकडे पाहिलं. "मले पोरगा पसंत हाय. तो इचारते तरी."

पंजाबरावांनी हातातला पाइप खाली ठेवला आणि लेकीच्या हातातलं टोपलं घेतलं. "आता कुठं टाकू, सांग," ते म्हणाले.