असरनंतरचा पाऊस

असरची, म्हणजे उतरत्या दुपारची नमाज आटोपून होसियत अंगणात आली, की पाऊण तासात हवामानाच्या यंत्रावर पाऊस उमटायचा. काळा ढग आणि त्याखाली तीन तिरके थेंब. मग तिची हाक यायची, "निझोरा, ताडपत्री!" आणि सासू-सून शिडीवरून धाब्यावर चढून जर्दाळूंचे बेचाळीस ट्रे झाकायच्या. रात्रभर पाऊस काही पडायचा नाही. सकाळी ताडपत्री उचलली, की उबट, आंबूस वाफ तोंडावर यायची.

सहा दिवसांत पहिला तोडा आंबून गेला. सगळा गाईपुढे टाकावा लागला, आणि गाईनेसुद्धा निम्माच खाल्ला.

"खाला," पलीकडच्या धाब्यावरून शेजारचा रोझीक ओरडला, "वास झकास सुटलाय! नमाजी लोकांच्या गल्लीत दारूची भट्टी लावलीत की काय?"

"तुझ्या जिभेला फोड येवोत," होसियत म्हणाली, पण हळू आवाजात. कारण रोझीकने त्याचे जर्दाळू एकदाही झाकले नव्हते, आणि ते चामड्यासारखे छान सुकत आले होते.

यंत्र होसियतच्या मुलाने, कोम्रोनने धाडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात एका सरीने धाब्यावरचे सगळे जर्दाळू काळे पडले, तेव्हा तो येकातेरिनबुर्गला बांधकामावर होता आणि फोनवर आईचं रडणं ऐकत होता. यंदा त्याने गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती हे खोकं पाठवलं. चित्र दाखवणारा पडदा घरात कोनाड्यात ठेवायचा, पांढरी डबी बाहेर टांगायची. डबी बाहेरची हवा चाखते आणि पडद्याला कळवते. होसियतने ती स्वतः द्राक्षाच्या मांडवाच्या खांबाला टांगली. खाली पाण्याचा पाट, वर पानांची सावली. घरातली सगळ्यात थंड जागा, पाहुण्याला बसवतात ती.

आता दुसरा तोडा धाब्यावर होता, आणि तो शेवटचा. झाडं रिकामी झाली होती. हाही आंबला तर घराला हिवाळा काढायला दुसरं काही नव्हतं.

होसियतचा संशय रोझीकवर होता. "रोज असर झाली, की तो मोबाईल घेऊन वर चढतो. चढतो की नाही? आणि मग आपल्याकडे पाऊस. डबीला तार नाही, पडद्याला तार नाही, तरी एकमेकांशी बोलतात. मग याचा मोबाईल मध्येच तोंड घालत नसेल कशावरून?"

"तसं नसतं, ओचा," निझोरा म्हणाली. सासूला ती ओचा, म्हणजे आई म्हणूनच हाक मारायची.

"तुला काय ठाऊक कसं असतं? खुजंदला फिजिक्स शिकलीस म्हणून?"

"हो, म्हणूनच."

"मग सांग ना. कसं असतं?"

निझोरा गावच्या शाळेत मुलांना दाब आणि तापमान शिकवायची, पण रोज ठरल्या वेळी खोटा पाऊस दाखवणाऱ्या यंत्राचं कारण तिच्यापाशी नव्हतं. आणि मनातल्या मनात बोलायचं तर रोझीकचा मोबाईल तिलाही खटकायला लागला होता.

तिने वहीत नोंदी सुरू केल्या. तासातासाला दाब, ओल, पडद्यावरचं चित्र. पलीकडे एक रकाना: रोझीक वर आहे की नाही. हा रकाना लिहिताना तिची तिलाच लाज वाटली, पण तिने तो ठेवला.

चार दिवसांत दाबाचं कोडं सुटलं. उन्हाने खोरं तापलं, की दुपारपासून दाब रोज थोडा उतरायचा आणि रात्री परत चढायचा. त्यात पावसाचा संबंध नव्हता. खोऱ्याचं ते रोजचंच. पण ओलीचं काय? दिवसभर पंधरा-सोळा टक्के असलेली ओल संध्याकाळी एकदम पन्नासवर उडी मारायची. खोक्यातल्या रशियन पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दाब उतरत असेल आणि ओल वाढत असेल, तर पाऊस दाखवला जातो. आणि अगदी तळाशी: कोरड्या हवेच्या मुलखात अंदाज चुकू शकतो.

पाचव्या दिवशी होसियत शेजारच्या गावात पाळण्याच्या जेवणाला गेली. त्या संध्याकाळी चित्रात साधा ढग होता, थेंब नव्हते. निझोरा उड्या मारायचीच बाकी होती. मग तिला आठवलं, रोझीकही त्याच जेवणाला गेलाय. सासू नाही, रोझीकही नाही; मग पाऊस नेमका कुणामुळे थांबला? वहीतला एवढा चांगला दिवस फुकट गेला.

होसियत परतली ती ताटातले सांबुसे रुमालात बांधून, आणि नवा संशय घेऊन. तिने रुमाल ठेवला, पडदा पाहिला, मग सुनेकडे पाहिलं.

"मी घरात नव्हते, तर पाऊस नाही."

"मीपण तेच लिहिलंय."

"काय लिहितेस गं सारखं? मी पाठ फिरवली, की तू त्या कोनाड्यापाशी." होसियतचा आवाज उतरला, आणि तो उतरला की जास्त बोचायचा. "रोज बेचाळीस ट्रे झाकायचे, तुझी कंबर दुखते. मी समजू शकते. पण माझ्या मुलाने पाठवलेल्या वस्तूला खोटं पाडायचं?"

"ओचा, मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"चोर असंच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सासू तंदूरपाशी नान थापत असताना, निझोराने स्टूल घेतलं, मांडवाच्या खांबावरची डबी काढली आणि शिडीवर पाय ठेवला. तिसऱ्या पायरीवर मागून आवाज आला.

"आता लावलास ना हात?"

होसियत पिठाच्या हातांनी खाली उभी होती. पलीकडच्या धाब्यावर रोझीकचं डोकं वर आलं. भांडण म्हटलं, की ते डोकं नेमकं वर यायचं.

"रोझीक अका," निझोरा शिडीवरूनच म्हणाली, "आज असरनंतर रोजच्यासारखे वर या. मोबाईलसकट."

"मी? का बाबा? मी काय केलंय?"

"तेच बघायचंय."

मग ती सासूकडे वळली. "ओचा, ही डबी मी धाब्यावर उत्तरेच्या भिंतीला, सावलीत टांगते. बाकी सगळं रोजच्यासारखं करा. तुम्हीही करा, अकांनाही करू दे. आज थेंब दिसले, तर मी यंत्राकडे पुन्हा बघणार नाही, आणि ट्रे एकटी झाकीन."

"एकटी?"

"एकटी."

होसियतने हातांवरचं पीठ झाडलं. "रोझीक, ऐकलंस ना? साक्षीदार आहेस तू."

"साक्षीदार की आरोपी, ते आधी ठरवा," रोझीक म्हणाला.

असर झाली. रोझीक वर आला, मोबाईल कानाला लावून नातीशी बोबडं बोलू लागला. त्याच्या घरात रेंज फक्त धाब्यावरच होती. होसियत अंगणात आली. तिने रोजच्यासारखी पाटात बादली बुडवली आणि तापलेल्या मातीवर ओंजळीओंजळीने सडा घालायला सुरुवात केली: उंबऱ्यापाशी, बाजेभोवती, मग मांडवाखाली. तिथे नेहमीच दोन बादल्या जास्त, कारण तिथे पाहुणे बसायचे. माती फुसफुसली. ओला गारवा खांबाला धरून वर चढला, रोज डबी टांगलेली असायची तिथवर.

शेवटची बादली रिकामी होत आली तेव्हा होसियत थांबली. तिने बादलीकडे पाहिलं, मग मोकळ्या खिळ्याकडे. दोघी घरात गेल्या. पाऊण तास झाला, एक तास झाला. पडद्यावर साधा ढग. ओल, सतरा टक्के.

होसियतने हिरव्या चहाचा पियाला हातात फिरवला.

"म्हणजे अंगणात सडा घातलेला या यंत्राला खपत नाही," ती म्हणाली. "रशियन माणसाच्या अंगणात सडा कुठला असायला! त्याला काय कळणार?"

"तेच म्हणायचं होतं मला."

"तू कुठे म्हणालीस? तू वहीत लिहिलंस." मग थोड्या वेळाने, "कोम्रोनला सांगू नकोस."

चार दिवस ताडपत्री कोपऱ्यात पडून राहिली. जर्दाळूंचा रंग पालटला, कडा आत वळल्या. अजून दोन दिवसांचं ऊन हवं होतं. पाचव्या दिवशी दुपारी दक्षिणेच्या डोंगरांवरून ढग आले, खरेखुरे, पोटात काळे. वाऱ्याने मांडवाची पानं उलटी झाली. पडद्यावर तीन थेंब उमटले, आणि या वेळी दाब रोजच्यापेक्षा दुपटीने उतरला होता.

रोझीक ताडपत्र्या ओढत आपल्या धाब्यावर धावत होता. "खाला, या वेळी खरं दिसतंय!"

होसियत ताडपत्रीचं टोक धरून उभी राहिली. झाकले तर आजची रात्र आत वाफ धरणार. आधीच्या झाकलेल्या रात्रींनंतर आंबायला आणखी एक रात्रही पुरे होती. नाही झाकले आणि कोसळला, तर गेल्या वर्षीचंच.

"सांग," ती म्हणाली.

"मी?"

"वही तुझी. सांग."

निझोराने वर पाहिलं. तिला आता स्वतःचाच संशय आला. सडा पकडणं वेगळं आणि आभाळ पकडणं वेगळं. ढगाच्या पोटातून राखाडी झिपऱ्या लोंबत होत्या. पाऊस तिथे पडत होता, यात शंका नव्हती. पण झिपऱ्या डोंगराच्या कमरेपर्यंत येऊन विरत होत्या. त्यांच्याखाली दूरचा रस्ता स्वच्छ दिसत होता, रस्त्यावरची धूळसुद्धा. वर येताना तिने पडद्यावर ओल पाहिली होती: वाढून जेमतेम बावीस टक्के. एवढ्या कोरड्या हवेतून थेंबाला खालपर्यंत यायचं होतं.

"नका झाकू," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा ठाम निघाला नाही.

होसियतने टोक सोडलं.

दोघी ट्रेंच्या मधे उभ्या राहिल्या. एक थेंब पडला, टपोरा, धाब्याच्या धुळीत त्याचा खळगा झाला. मग दुसरा. तिसरा होसियतच्या डोक्यावरच्या रुमालावर. निझोरा मोजत होती: सात, आठ. मग नववा आलाच नाही. वारा ढगाला घेऊन उत्तरेला गेला, आणि ऊन पुन्हा तसंच टोचायला लागलं. पहिल्या थेंबाचा खळगा बघता बघता सुकला.

रोझीक आपल्या झाकलेल्या ट्रेंमधून बघत होता. "कसं काय ओळखलंस गं?"

"नशीब," निझोरा म्हणाली, आणि ते निम्मं तरी खरं होतं.

होसियतने एक जर्दाळू उचलला, बोटांनी दाबून पाहिला, मधोमध फाडला आणि अर्धा सुनेच्या हातात ठेवला. उरलेला अर्धा चघळत ती शिडीकडे निघाली. सड्याची वेळ झाली होती. पहिल्या पायरीवर थांबून तिने भिंतीवरच्या डबीकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

"हिला अजून लांब टांग," ती म्हणाली. "आज मांडवाखाली तीन बादल्या जास्त टाकणार आहे मी."