न विचारता घेतलेला त्याग

बायको रुईलान गेल्याचं छू छांगशुनला कळलं, त्या दिवशी तो स्वतः मेलेला होता. गावामागच्या डोंगरावर युद्धपटाचं चित्रीकरण चाललं होतं आणि तो झेंडा छातीशी धरून खंदकाच्या काठावर निपचित पडला होता. वरून कागदाचं बर्फ भुरभुरत होतं. धूर इतका दाट, की डोंगर कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळेना. त्या धुरातून त्याची बायको आली. नेहमीसारखी त्याची कॉलर झटकत म्हणाली, "ऊठ की आता. शेवया गार होतायत."

त्याला उठावंसं वाटलं. पण मेलेल्याने हलायचं नसतं! तो पडून राहिला.

दृश्य संपलं. दिग्दर्शक थाओने त्याच्या हातात शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट ठेवलं. पडद्यावर मरणाऱ्याला ते द्यायचंच, म्हणजे मरण त्याच्या मागोमाग घरी येत नाही. मग थाओ हळूच म्हणाला, "छूकाका, घरी जा. काकू गेल्या."

पुढे गावच्या मैदानात चित्रपट लागला. झेंडा धरून पडलेला सैनिक पाहून सगळं गाव रडलं. छांगशुनला त्या धुरात अजूनही कोणीतरी चालताना दिसत होतं. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली : 'पत्नी मृत्युशय्येवर असतानाही जागा न सोडणाऱ्या छू छांगशुन यांच्या त्यागाला वंदन.'

टाळ्यांचा कडकडाट झाला. छांगशुनच्या छातीतला गोळा जरा हलका झाला. आपण देशासाठी काहीतरी दिलं तर!

"काय सोडलं नाही म्हणे?" रंगभूषा करणारी फान-मावशी ताडकन उठली. "शेजारणीचा फोन मला आला होता. रुईलान याला हाका मारतेय, हे मी तुला तिथल्या तिथे सांगितलं, थाओ. काय म्हणालास तू?"

थाओने मान खाली घातली. "म्हटलं, आता थांबलो तर धूर विरून जाईल. त्या सैनिकांनी प्राण दिले, काका थोडा वेळ देतील."

"अरे, पण काकाला विचारलंस? आपण काय देतोय, हे त्या पोरांना माहीत होतं. याचं तू परस्पर काढून घेतलंस. आणि मी मेली गप्प बसले!"

छांगशुन उभा राहिला.

"मावशी, मला कळलं असतं ना, तर झेंडा टाकून पळालो असतो मी! कसला त्याग न् कसलं काय!"

"पळायलाच हवं होतंस, बाबा. माणसाला आपल्या माणसापाशी बसता यावं, म्हणूनच लढली ना ती पोरं?"

थाओ सगळ्यांसमोर कमरेत वाकला, तो बराच वेळ तसाच राहिला. तेव्हापासून त्याच्याकडे कोणाच्याही घरून निरोप आला, की आधी कॅमेरा बंद होतो.

बंधुभगिनींनो, देशासाठी प्राण देणाऱ्यांपुढे जरूर मान लववा. पण त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने तो आपण ठरवू नये, आणि ठरवून वर टाळ्या तर मुळीच वाजवू नयेत.

पडद्यावरची ती ओळ काढून टाकायचं थाओने कबूल केलं आहे. अजून ती काढलेली नाही.