हजर असलेल्यांचं एकमत

शाळेच्या नियामक मंडळात आजवर कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं, आणि मंडळाला त्याचा भारी अभिमान. दुसऱ्या संस्थांत माणसं खुर्च्या फेकतात, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आमच्याकडे सगळं कसं घरच्यासारखं, असं अध्यक्ष येईल त्याला ऐकवायचे. आता घरच्यासारखं म्हणजे कसं? तर एखादा ठराव पटला नाही की माणसाने तोंड उघडायचं नाही, उठून बाहेर जायचं. फोन कानाला लावायचा, तो वाजलेला असो नसो, 'आलोच हं' म्हणायचं आणि गॅलरीत जाऊन उभं राहायचं. आत ठराव पास झाला, शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत गेला, की त्याच्या पाठोपाठ आपणही जायचं. फोन कुणाचा होता हे कुणी विचारायचं नाही. इतकी सभ्य माणसं!

खरं तर शाळा काढणाऱ्या जुन्या मंडळींनी घटनेत एक चांगलं कलम घातलं होतं. मुख्याध्यापकाला काढायचं असेल तर पाचांपैकी तिघंतरी खोलीत हवेत, आणि जे हजर असतील त्या सगळ्यांचं एकमत हवं. एकाने जरी विरोध केला तरी ठराव बारगळला. बिचाऱ्यांचा हेतू असा, की कुणाच्या लहरीखातर शिक्षकाच्या पोटावर पाय येऊ नये. पुढची पिढी 'नाही' म्हणायची वेळ आली की गॅलरीत हवा खायला जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

या पाचांत एक दातांची डॉक्टरीण होती. हात हलका, बोलणं गोड, दवाखान्यात पोरं न रडता तोंड उघडायची. मंडळावर ती बरीच वर्षं होती आणि गॅलरीतला कठडा तिच्या चांगला ओळखीचा झाला होता. गाण्याच्या म्हाताऱ्या सरांना घरी बसवलं, तेव्हा ती त्याच कठड्याला टेकून मैदानावरच्या पोरांची पळापळ बघत होती. वाचनाची खोली काढून अध्यक्षांना केबिन केली, तेव्हाही तिथेच. मनाला लागायचं तिच्या, नाही असं नाही. घरी जाऊन दोन घास कमी जेवायची. पण वाईटपणा कोण घेणार?

मग सहावीतल्या एका मुलीचा दात तुटला.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, स्वतः तिला उचलून दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. मुलीच्या तोंडाला रुमाल, रुमाल लाल. डॉक्टरिणीने तपासलं. पुढचा दात तिरका तुटलेला, ओठ आतून फाटलेला आणि गालावर एक ओरखडा, अंगठीचा असावा तसा. हनुवटीला काही नाही, तळहात स्वच्छ. "पायरीवरून पडली म्हणून सांगितलंय सगळ्यांना," मोठ्या बाई म्हणाल्या. डॉक्टरीण म्हणाली, "पडणारं पोर आधी हात पुढे टाकतं, बाई. हिच्या हाताला साधं खरचटलेलं नाही. उलट्या हाताची बसलीय हिला."

मुलीने तेव्हा डोळे मिटून घेतले. मग तिने सांगितलं. खेळाच्या सरांनी मारलं होतं. रांगेत हसली म्हणून.

खेळाचे सर म्हणजे अध्यक्षांचे सख्खे भाचे. बहिणीचा एकुलता एक, मामाच्या जिवावर उड्या मारणारा. मोठ्या बाईंनी त्याच संध्याकाळी त्याला मैदानाबाहेर काढलं, मुलीच्या आईवडिलांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, आमच्या माणसाने मारलं, शाळा तुमची माफी मागते. झालं! मामांचा पारा चढला. संस्थेची अब्रू बाईंनी चव्हाट्यावर मांडली, असं ठरलं आणि बाईंना काढायचा ठराव बैठकीच्या विषयांत आला.

बैठकीच्या आधी मोठ्या बाई पुन्हा दवाखान्यात आल्या. बसल्या नाहीत. "तुम्ही मला सांगितलंत तेवढंच तिथे सांगाल?" त्यांनी विचारलं. "दुसरं काही नको. एक वाक्य."

"सांगेन की! न सांगायला काय झालं?" डॉक्टरीण म्हणाली, आणि खरोखर मनापासून म्हणाली.

मनापासून बोललेलं टिकवायला मात्र वेगळी धमक लागते. रात्र उलटली तशी तिची धाकधूक वाढली. अध्यक्ष काही राक्षस नव्हते, हीच तर पंचाईत. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा तिचा सख्खा भाऊ फिरकला नव्हता, आणि हा माणूस आपलं सिमेंटचं दुकान सोडून इस्पितळाच्या बाकावर बसून राहायचा. त्याच्यासमोर बसून, त्याच्या भाच्याचं नाव घेऊन बोलायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

तेव्हा धीर गोळा करायला ती मंडळातल्या दोघांकडे गेली. एक छापखानेवाले. शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तकं, सगळं त्यांच्याकडे छापलं जायचं. दुसऱ्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना लहानथोर सगळेच आत्या म्हणायचे. त्यांच्या यजमानांचं नाव शाळेच्या नव्या सभागृहाला द्यायचं घाटत होतं. दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं, दोघांनाही वाईट वाटत होतं. छापखान्यातल्या त्या शाईच्या वासात, यंत्राच्या धडधडीत, तिघांची खलबतं झाली.

"तुम्ही एकट्या बोलाल, आणि मग?" छापखानेवाले म्हणाले. "उद्यापासून त्यांच्यासमोर बसायचंय आपल्याला. उगाच कशाला अंगावर ओढून घेता?"

आणि आत्यांना युक्ती सुचली. "अगं, बोलायचंच कशाला? तिघंही बाहेर जाऊ. आत राहतील अध्यक्ष आणि त्यांच्या शब्दाबाहेर नसलेले आपले वकील, दोनच टाळकी. तिघं असल्याशिवाय ठराव होतच नाही. सुट्टीच्या आधीची ही शेवटची बैठक. तिथे काही झालं नाही, तर सुट्टीनंतर बाईंची नेमणूक आपोआप पुढे चालू राहते. कुणी कुणाला दुखावलं नाही, काही नाही."

"वा! सापही मेला नि काठीही मोडली नाही," छापखानेवाले म्हणाले.

डॉक्टरिणीच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं वाटलं तिला, की ती वाटेत थांबून फुलं घेऊन घरी गेली. एका माणसाच्या एका 'नाही'ने जे झालं असतं, ते न बोलता करायला आपण तिघं लागतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आलं असेल तर तिने ते बाजूला सारलं. सारायची सवय होतीच.

बैठक दुपारी होती. मोठ्या बाईंना बाहेर बसवलेलं, गॅलरीच्या टोकाच्या बाकावर, उशिरा येणाऱ्या पोरांना बसवतात त्याच बाकावर. मांडीवर हात, पाठ ताठ. आत जाताना डॉक्टरिणीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका," ती म्हणाली. युक्तीबद्दल बोलली नाही. तशी युक्ती सांगायला जीभ वळेना.

आत अध्यक्षांनी विषय काढला. मुलं पडतात, दात पडतात, शाळा म्हटली की हे आलंच. बाईंनी राईचा पर्वत केला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ते म्हणाले आणि डॉक्टरिणीकडे वळले. "तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तर धंदाच तो!" सगळे हसले. डॉक्टरीणही हसली. का हसली ते देव जाणे.

लगेच छापखानेवाल्यांचा फोन 'वाजला'. ते गेले. मग आत्यांना खोकल्याची उबळ आली. त्या गेल्या. मग डॉक्टरीण उठली, फोन शोधल्यासारखं करत "आलेच हं" म्हणाली आणि बाहेर पडली. गडबडीत पर्स खुर्चीच्या पाठीलाच लटकत राहिली, आणि फोन पर्समध्ये.

गॅलरीत तिघं एकमेकांकडे बघेनात, पण तिघांच्याही तोंडावर हसू फुटत होतं, शाळा बुडवून आलेल्या पोरांसारखं. "आत दोघंच," छापखानेवाले कुजबुजले. "बसा म्हणावं आता एकमेकांची तोंडं बघत." आत्यांचा खोकला केव्हाच बरा झाला होता. टोकाच्या बाकावरून मोठ्या बाई या तिघांकडे बघत होत्या. त्यांना ही रीत माहीत होती. गाण्याच्या सरांच्या वेळीही त्या याच गॅलरीत होत्या.

आणि दार उघडून शिपाई बाहेर आला. "डॉक्टरीणबाई, तुमची पर्स वाजतेय आत. थांबतच नाही. साहेब म्हणाले, एखादा पेशंट अडला असेल."

"जाऊ नका!" छापखानेवाले दात आवळून म्हणाले.

"वाजू दे गं," आत्या म्हणाल्या.

"असं कसं? बरं दिसतं का ते? घेते आणि येते, दोन सेकंद," डॉक्टरीण म्हणाली. बघा, तेव्हाही तिला काय बरं दिसतं याचीच पडलेली! ती दाराशी गेली. बाकावर मोठ्या बाई अर्धवट उठल्या. दोघींची नजरानजर झाली, आणि मोठ्या बाई त्या सबंध दुपारी पहिल्यांदा हसल्या. डॉक्टरीणही हसली आणि आत गेली.

अध्यक्ष पर्स हातात घेऊन उभेच होते. "घ्या. कधीची ओरडतेय बिचारी." तिने घेतली, तोवर फोन थांबला. ती वळली.

"अहो, चहा तरी घेऊन जा. तुमचा बिनसाखरेचा वेगळा आत्ताच आणवलाय."

एवढ्या गडबडीत माणसाने तिची साखर लक्षात ठेवली होती. त्यांनी स्वतः खुर्ची मागे ओढली. आता एवढ्या मोठ्या माणसाने ओढलेल्या खुर्चीवर बसायचं नाही म्हणजे अगदीच उद्धटपणा. ती बसली. नुसती कडेला टेकली, पण बसली.

वकिलांनी पेनाचं टोपण काढलं. चिटणीस तेच होते. "तिघं झाले," ते छताकडे बघत म्हणाले. "मुख्याध्यापिकांना पदावरून दूर करण्याचा ठराव. कुणाचा विरोध?"

खोलीत पंखा फिरत होता. वाक्य तयार होतं. ती पडली नाही, तिला मारलंय, मी स्वतः बघितलंय. फार कशाला, नुसतं 'आहे' एवढं म्हटलं असतं तरी ठराव तिथेच मेला असता. ते वाक्य तिच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलं. पण दिवसभर दुसऱ्यांना 'आ करा, मोठा आ करा' म्हणणाऱ्या बाईचं स्वतःचं तोंड काही उघडेना. अध्यक्ष तिच्याकडे बघत होते, रागाने नाही, मायेने. तिने कपाला हात लावला. कप पोळत होता.

"मला... पेशंटचा फोन होता," ती म्हणाली.

"जा, जा," अध्यक्ष म्हणाले. "आमचं झालंच."

"विरोध नाही," वकील लिहिता लिहिता पुटपुटले. "हजर असलेल्यांचं एकमत."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच दोघांना कळलं. "कशाला गेलात हो!" छापखानेवाले म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "आम्ही तर बाहेरच होतो." आत्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, वाजू दे." दोघांच्या आवाजात हळहळ होती, आणि हळहळीखाली स्वच्छ सुटकेचा निःश्वास. त्यांचे हात कोरडे राहिले होते. बाकीच्यांचा ट्रे आत गेला तसे दोघंही चहाला आत गेले.

शिपायाने मोठ्या बाईंना बोलावलं. त्या गेल्या आणि फार वेळ न लावता परत आल्या. डॉक्टरीण कठड्याला धरून उभी होती. पळून जायचं तिच्या फार मनात होतं. लाज वाटत होती, इतकी की डोळ्यांत पाणी यायलाही तयार नव्हतं.

"बाई, मी तुमच्यासाठीच..." तिने सुरुवात केली. "आम्ही तिघांनी ठरवलं होतं..."

मोठ्या बाईंनी हाताने थांबवलं. "तुम्ही तिघं बाहेर आलात ना, तेव्हाच मी समजले होते. म्हटलं, संपलं," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असतो तसाच, शांत. "पण तुम्ही एकट्या परत आत निघालात. तेव्हा वाटलं, नाही, या बोलायला चालल्यात. मी श्वास धरून बसले होते."

डॉक्टरिणीने पर्स पोटाशी धरली. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि जे खरं होतं तेवढंच तिच्या तोंडून निघालं.

"पर्स राहिली होती आत."

मोठ्या बाईंनी पर्सकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मिळाली ना?" त्यांनी विचारलं, आणि जिन्यावरून धावत येणाऱ्या पोरांना सावकाश चालायला सांगत त्या खाली उतरल्या.