कालिंदी मास्तरांना वाचून दाखवत नाही

"न्या तुमच्या लेकीला रेतीवर! हिच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही."

नीलकंठ मास्तरांचा आवाज शाळेच्या दारातून थेट बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर आला. अंबिकानं डोक्यावरची काकड्यांची टोपली तिथंच उतरवली.

ही अंबिका कोण, ते आधी सांगतो. तिच्या आजेसासऱ्याला एका देवळाच्या म्हशी राखायला साताऱ्याकडून काशीत आणलं होतं. म्हशी गेल्या. घर गंगेपलीकडच्या रेतीत काकडी-खरबूज लावायला लागलं. स्वराज्य येऊन पंधराएक वर्षं झाली, तरी घरात बोली साताऱ्याचीच, मधे मधे हिंदी. चैतात वारा सुटला की भाकरीबरोबर रेतीही दाताखाली येते. पाणी चढायच्या आत सगळं काढायचं. असल्या घाईतही तिनं सात वर्षांच्या कालिंदीला घाटावरच्या मराठी शाळेत घातलं होतं.

घातलं कसं, तेही ऐका. त्यांच्यात मूल शाळेत घालताना मास्तरांना नारळ देतात, आणि नारळासोबत छडी. अंबिकानं नदीकाठच्या झाऊची फांदी स्वतः सोलून, तेल लावून दिली होती.

वर्षभर पोर मास्तरांपुढं उभी. ओठ मिटलेले.

मग मास्तर काविळीनं पडले.

त्यांच्या जागी शरदिनीबाई आल्या.

बाई सतरंजीवर पोरांतच मांडी घालून बसायच्या. कालिंदी अडली तर म्हणायच्या, "थांब की. मला कुठं घाई आहे?" एवढंच. होळीनंतर एक दिवस पोर काकडीच्या वेलात बसून बापाला गोष्ट वाचून दाखवायला लागली. दिनानाथ म्हणाला, "पाठ केलं असंल." तिनं पान उलटलं, दुसरी गोष्ट वाचली. दिनानाथनं खुरपं खाली ठेवलं.

आणि आता मास्तर बरे होऊन परत आले होते; बाईही अजून शाळेत होत्या.

अंबिका तरातरा आत गेली. "ती वाचती, मास्तर. म्या कानानं आयकलंय."

"मग माझ्यापुढं दातखीळ का बसते? बाईंनी लाडावून ठेवलीय. मी नाव काढतो."

"छडी खाली ठिवा. मंग पुसा."

"ही छडी तुम्हीच दिलीत, अंबिकाबाई. नारळासकट."

अंबिकानं त्या छडीकडं पाहिलं. मग म्हणाली,

"दिली. आक्कल न्हवती. आता वापस करा."

"काय?"

"छडी वापस करा म्हनते. नारळ खाल्लासा, तो ऱ्हाऊ द्या."

पोरं फिसकन हसली. अंबिकानं छडी ओढून घेतली. झाऊ चिवट. गुडघ्यावर घेतली, तेव्हा मोडली.

"ठीक," मास्तर म्हणाले. "आता छडी नाही. वाच, कालिंदी."

पोरीनं पुस्तक उघडलं. आता नाही वाचलं, तर उद्यापासून रेती. जन्मभर रेती.

कालिंदीनं मास्तरांकडे पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं.

"तुमाला न्हाई वाचून दाखवनार."

"का गं?"

"पयल्या दिवशी मी अडले, तवा तुमी हसला."

मास्तरांकडे पाठ करून ती बाईंच्या शेजारी जाऊन बसली, आणि वाचायला लागली. खणखणीत. मधे एका शब्दावर अडली. बाई नुसत्या बसून राहिल्या. अडली तशी सुटली, पान संपवलं.

"उद्धट कार्टी!" मास्तर कडाडले. "मुकी म्हणून काढत होतो, आता तोंड चालतं म्हणून काढतो!"

बाई उठल्या. सतरंजी झटकली, गुंडाळली, काखेत मारली.

"काढा. घाटाच्या पायऱ्या काही शाळेच्या नाहीत. उद्यापासून मी तिथं बसेन."

"लोक हसतील, बाई."

"हसू देत."

अंबिकानं विचारलं, "किती वाजता धाडू?"

"पहिली होडी सुटते तेव्हा. पण त्याच होडीनं ती तुमच्याबरोबर रेतीवर..."

"रेतीवर मी जाते. ती न्हाई."

दुसऱ्या दिवशी ऊन पायऱ्यांवर यायच्या आत सतरंजी अंथरलेली. आधी कालिंदी एकटीच. मग शाळेकडे निघालेला विष्णु वाटेत थबकला, दप्तर मांडीवर घेऊन टेकला. त्याच्यामागून गीता. मागून आणखी दोघं.

मास्तर शाळेच्या दारात आले. "विष्णु! आत ये!"

"आलोच, मास्तर," विष्णु म्हणाला. "एवढं पान होऊ द्या."

मास्तर दारात उभे राहिले.

विष्णुनं पान उलटलं.