बहिरूची साक्षांकित प्रत

कळंबला हायवेच्या कडेला यशोधराचं सायबर कॅफे होतं, आणि त्यातूनच ती इंटरनेटवर एक फुकटची चावडी चालवायची. सातबाऱ्यावर वारसाचं नाव कसं लावायचं, रेशनकार्ड कसं वेगळं काढायचं, असलं कुणीही विचारावं आणि तिच्या पाच स्वयंसेवकांनी टोपणनावानं उत्तर द्यावं. दोन हजार सातची गोष्ट. पाचांत तल्लख होता बहिरू. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो आणि कुठल्या नियमानं सुटतो, हे त्याला तोंडपाठ. बहिरू म्हणजे तालुक्याच्या कचेरीतले शिपाई पोपटभाऊ, हे एकट्या यशोधराला ठाऊक होतं.

ठाऊक होतं म्हणूनच तिच्या जिवाला घोर. लोक बहिरूचं उत्तर छापून घ्यायचे आणि थेट कचेरीतल्या तहसीलदार साहेबांच्या नाकासमोर धरायचे. साहेब खवळायचे. "हा बहिरू कचेरीतलाच कुणीतरी आहे. घावला की नोकरी घालवतो," असं रोज म्हणायचे, आणि त्याला शोधायला धाडायचे कुणाला, तर पोपटभाऊंना! पोपटभाऊ चहा पिऊन परत यायचे. "न्हाई घावला, साहेब."

अशात पुण्याहून वृषाली आली. इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांवर पीएचडी करत होती. पोरगी गुणाची. "ताई, नाव कुठंच छापणार नाही. बहिरूला मी व्यक्ती क्रमांक तीन म्हणेन," म्हणाली. पोपटभाऊ तर खुललेच. उभ्या जन्मात त्यांचा कुणी अभ्यास केला नव्हता.

पण विद्यापीठाची समिती आडवी आली. नाव गुप्त ठेवायचं, तर ते आधी खरं असल्याची खात्री नको? म्हणून समितीनं फॉर्म धाडला. त्यात स्वयंसेवकाचं खरं नाव, नोकरी, पत्ता, आणि खाली राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का.

"डोक्यावर पडलीत का ही माणसं?" यशोधरा म्हणाली.

वृषाली रडवेली झाली. "तीन वर्षं घातलीत, ताई. फॉर्म नसेल तर प्रबंध गेला."

राजपत्रित अधिकारी शोधू गेलं, तर जवळपास दोनच, त्यातले गुरांचे डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले. उरले साहेब. यशोधरानं साफ नाही म्हटलं. तिला वृषालीची कीव येत होती, पण म्हणून पोपटभाऊंची भाकरी पणाला लावायची? तर पोपटभाऊच म्हणाले, "पोरीचं नुसकान कशाला? ईस वर्सं शिक्के मीच मारतोय. सही करताना साहेब कागद बघत न्हाईत, पंख्याकडं बघत्यात."

दुसऱ्या दिवशी यशोधरा फॉर्म घेऊन गेली आणि नेमकी लाईट गेली. पंखा बंद. साहेबांना बघायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी कागद बघितला. शिक्का घेऊन उभे असलेले पोपटभाऊ पांढरेफटक पडले.

साहेबांनी वरची ओळ मोठ्यानं वाचली, "अत्यंत गोपनीय." आणि खालच्या नाव-नोकरी-पत्त्यावर खाडकन पंजा ठेवला. "गोपनीय मजकूर मला वाचता येणार नाही. नियम आहे."

"मग सही, साहेब?" यशोधरानं कसंबसं विचारलं.

"सही करायला वाचावं लागतं, असं कुठं लिहिलंय?"

आणि पंजा तसाच ठेवून त्यांनी तळाशी लिहिलं, 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो.' सही ठोकली. पोपटभाऊंनी शिक्का मारला.

नाव-पत्त्याखालचा कामाचा मजकूर तेवढा उघडा होता. हा माणूस चार वर्षं, कसलीही अपेक्षा न ठेवता, लोकांची अडलेली कामं मार्गी लावतो. तो वाचून साहेब हळवे झाले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती पोपटभाऊंवरून गेली आणि बंद पंख्यावर जाऊन थांबली.

"काय देवमाणूस असेल हा," ते म्हणाले. "आपल्या कचेरीत का नाहीत हो अशी माणसं?"

यशोधराला असा संताप आला की तो पंजा धरून बाजूला करावा. बघा म्हणावं, वाचा. नाव अगदी जिभेवर आलं होतं. पोपटभाऊंनी तिच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली, साहेबांच्या तळव्याखालून फॉर्म अलगद ओढला आणि पालथा करून तिच्या हातात दिला.

"आपल्याकडं कुठली, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी टेबलावरची घंटी मारली. पोपटभाऊ समोरच उभे होते, तरी मारली. त्यांना पाणी हवं होतं.