आधी घासलं, मग मोजलं

मित्रांनो, मी एक जुना रोलचा कॅमेरा आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या खालच्या खणात, तुटक्या छत्रीच्या शेजारी. अंगाने मी इतका सडपातळ, की माझी मालकीण मला कोटाच्या खिशात घालून बाजारभर हिंडायची आणि कुणाला पत्ताही लागायचा नाही.

मालकिणीला सगळे ताई म्हणतात. फोटो काढणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. शिंपी सुई ओवताना, न्हावी गिऱ्हाईक नसताना स्वतःच आरशात बघताना, असं काय काय आम्ही दोघांनी टिपलं! तिची आई मोठी लाजाळू, पण माझ्यासमोर खुशाल हसायची. ती मला लाडानं चिमुकला म्हणायची. त्या दिवसांत मला खरंच वाटायचं, की आपण या घरातलेच आहोत.

मग तो आला. फुल-फ्रेम डिजिटल. त्याच्या चित्राची चौकट माझ्या फिल्मच्या चौकटीएवढीच, पण देह माझ्या दुप्पट आणि भिंग भल्यामोठ्या लोट्याएवढं. ताई त्याच्यावर लट्टू झाली आणि मी खणात गेलो. पुढे त्याच्या वजनानं तिची मान धरायला लागली, तेव्हा मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आईनं तर त्याला पाहताच तोंड फिरवलं.

"ही तोफ माझ्यावर रोखू नकोस बाई. चिमुकल्याला आण."

एक दिवस ताईनं मला खरोखर बाहेर काढलं आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं.

"काका, याच्या पोटात डिजिटल बसवता येईल? अंग याचं, करामत त्याची."

मी हरखलो. पुन्हा तिच्या खिशात जाणार! काका मुळात उतावळे. त्यांनी माझी पाठ उघडली आणि ज्या दोन पट्ट्यांवर फिल्म ताठ बसते, त्या पट्ट्या आत जागा व्हावी म्हणून कानशीनं घासून टाकल्या. मोजपट्टी घेतली ती त्यानंतर. मग बसले डोकं खाजवत.

"ताई, हे काही जमायचं नाही. याच्यात फिल्म म्हणजे कागदासारखी पातळ. तीच चित्र टिपते, तीच सांभाळते, मागे नुसतं झाकण. डिजिटलमध्ये चित्र टिपायला सेन्सर, त्याच्यावर काच, मागे सर्किट, त्याच्यामागे पडदा, वर बॅटरी. आणि सगळं तापतं, म्हणून आत मोकळी जागा सोडावी लागते. फिल्मला तिरपा उजेड चालतो, सेन्सरला कडेलासुद्धा सरळ हवा, मग भिंग वाढतं. त्यात फोकसची मोटर. तो बिचारा उगाच नाही फुगलेला."

"मग आता?"

"बंद करून देतो. आतलं थोडं घासलंय मात्र मी."

भाजीवाल्याशी चार मिरच्यांसाठी हुज्जत घालणारी ही बाई. मला वाटलं, आता काकांची खैर नाही. पण ताई फोनमध्ये बघत होती.

"जाऊ द्या हो काका. तसाही पडूनच होता."

मित्रांनो, कानस फिरली तेव्हा दुखलं नाही इतकं ते वाक्य लागलं. मला खणात टाकून कुणी ठेवलं होतं?

पुढे आई अंथरुणाला खिळली. तोफेसमोर तिनं कधी तोंड दाखवलं नव्हतं, त्यामुळे तिचा इतक्या वर्षांत एकही फोटो नव्हता. एका सकाळी तीच म्हणाली, "एक फोटो काढ माझा. चिमुकल्यानं."

ताईनं धावत जाऊन रोल आणला आणि सवयीच्या हातांनी भरला. डोळे सगळे आईकडे. पट्ट्या घासलेल्या, त्यामुळे फिल्म माझ्या आत सैल पडली होती, मला ते कळत होतं. आई खिडकीकडे तोंड करून बसली आणि पूर्वीसारखी हसली. मी जीव तोडून पाहत होतो, पण माझ्या हातात काय होतं?

रोल धुऊन आला तोवर आई गेली होती. सगळे फोटो धूसर. खिडकी ओळखू येत होती, हसू नव्हतं.

ताईनं मला टेबलावर आदळलं. "ऐन वेळी दगा दिलास मेल्या," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. मलाही रडावंसं वाटलं, आईसाठी आणि माझ्यासाठी.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरातली एखादी जुनी वस्तू ऐन वेळी रुसली, तर तिला बोल लावण्याआधी तिच्या आत एकदा नीट बघा. माझ्या आत कानशीच्या खुणा अजून तशाच आहेत. ताईनं रोल भरताना त्या पाहिल्या नाहीत, काढतानाही नाही.